सुभेदारांचं टोकन

"टोकन म्हंजे नोटाच! दिसाया पितळ, पन आत नोटा हायत. मूठ उघडू नगा." असं म्हणत सुभेदार स्वतःची आवळलेली मूठ सगळ्यांना उंच करून दाखवायचे.

सत्तरच्या दशकात मी कडेगावात एका बँकेत कारकून होतो. त्या काळी तुम्ही बँकेत गेला असाल तर आठवेल, पैसे काढायची स्लिप दिली की नंबर कोरलेलं पितळेचं टोकन मिळायचं. नंबर पुकारला की टोकन देईल त्याच्या हातात पैसे. रोखपाल जाळीतून येणारा हात बघायचे. बाजाराच्या दिवशी तोंड बघायला वेळ होता कुणाला!

ही गोम सुभेदारांनी बरोबर हेरली होती. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, मिशांना पीळ, धोतरावर खाकी कोट. दर बाजाराला ते आमच्या बाकड्यावर ठाण मांडायचे आणि पोरांनी फौजेतून धाडलेले पैसे काढायला आलेल्या बायकांची कवायतच घ्यायचे.

"आक्का, कोऱ्या कागदावर अंगठा उटवायचा न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मोट्यानं!"

"व्हय!"

मॅनेजर वैतागायचे. मी फायलीमागे तोंड लपवून हसायचो. पण बायका मुठी आवळून बसायच्या, हेही तितकंच खरं.

एका बाजाराला सुभेदार स्वतःचे पैसे काढायला आले. बायकोला मोतीबिंदू झाला होता, मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं. मी टोकन दिलं. तेवढ्यात एक तरणाबांड माणूस पुढे आला आणि टाच आपटून त्यानं कडक सलाम ठोकला. "राम राम, साब!" त्यानं सुभेदारांच्या पलटणीचं नाव घेतलं, तिथल्या जुन्या मेजरसाहेबांचं नाव घेतलं. म्हातारा एकदम खुलला. मग तो तरणा म्हणाला, "साब, आप बैठिये. मेरे होते हुए आप लाइन में?" आणि त्यानं हात पुढे केला.

फौजेत हाताखालच्या माणसानं असा हात पुढे केला तर वरचा माणूस तो झिडकारत नाही. सुभेदारांनी अगदी सवयीनं टोकन त्याच्या तळहातावर ठेवलं. बाकड्यावर टेकून शेजारच्याला म्हणाले, "बगा, ह्याला म्हंत्यात फौजेची शिस्त!"

नंबर पुकारला गेला आणि तो गर्दीतून पैशांसकट निघून गेला.

कळलं तेव्हा सुभेदार ओरडले नाहीत. मॅनेजर पोलिसांत तक्रार द्यायला निघाले, तर या माणसानं चक्क हात जोडले. "सायेब, बोभाटा करू नगा. गावात त्वांड कुटं दावू मी? पैका माजा गेलाय. मी गप ऱ्हातो, तुमीबी ऱ्हावा." मॅनेजर गप्प राहिले. घरी सुभेदारांनी सांगितलं, मिरजेचा डॉक्टर रजेवर गेलाय. हे मला त्यांनीच पुढे कधीतरी सांगितलं, जमिनीकडे बघत.

त्यानंतर ते बँकेत फिरकेनात. बाकडं ओकंबोकं दिसायला लागलं.

मग आटपाडीहून खबर आली. तिथल्या बँकेत फौजेतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या शिपायाला असाच सलाम, असाच पुढे केलेला हात. बिचाऱ्यानं मेंढरं विकून पैसे ठेवले होते. मी सायकल काढली आणि सुभेदारांच्या मळ्यात गेलो. ते उसाला पाणी पाजत होते. ऐकलं आणि तिथंच बांधावर बसले.

"मी तवाच बोललो आसतो तर?"

उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला ते छातीवर सगळी पदकं लावून आले. बँकेच्या पायरीवर उभे राहिले आणि खड्या आवाजात सांगू लागले, "आयका! मी फौजेतला सुभेदार. मला एका सलामानं लुटलं. तुमाला शानपन शिकवनारा ह्यो मानूस सोताच फसला. माज्या लाजंपायी आटपाडीचा एक गरीब बुडाला. मला हसा, पन टोकन कुनाला दिऊ नगा!"

लोकांनी हसून घेतलं. पोरंटोरं खोटे सलाम ठोकायला लागली. एक जण गर्दीतून ओरडला, "सुभेदार, मूठ दावा की!" त्यांचे कान लालबुंद झाले, पण आवाज खाली आला नाही.

मग विट्याचा बाजार झाला, आटपाडीचा झाला. आटपाडीला मी सोबत होतो. तिथंही लोक हसले. येताना एस.टी.त ते सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. शरमेनं एवढा मोठा माणूस एवढासा झालेला मला बघवत नव्हता. तो भामटा काही सापडला नाही, पण आमच्या भागात पुन्हा कुणी त्याला टोकन दिल्याचं ऐकलं नाही.

ऑपरेशनचे पैसे परत जमेपर्यंत मोतीबिंदू पिकून सुभेदारांच्या बायकोचा एक डोळा कायमचा गेला.

सुभेदार वारल्यावर खात्याच्या कामासाठी सुभेदारीणबाई बँकेत आल्या. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. अंगठा उठवून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "सायेब, डाक्टर रजेवर न्हवता, मला ठाव हुतं. समद्या बाजारात सांगत फिरले, घरात मातुर बोलले न्हाईत. मग मीबी न्हाई इचारलं."

मी शाई पुसायला फडकं पुढे केलं.

"ते पायरीवर हुबं ऱ्हाऊन सांगायचे, तवा लोक हसायचे का वं?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. "कुणी हसत नव्हतं."