दाढ आईची होती

आई यवतमाळहून माझ्याकडे राहायला आली आणि त्याच आठवड्यात तिची खालची दाढ दुखायला लागली. गार पाणी प्यायलं की कळ यायची आणि लगेच विरून जायची. मी तेव्हा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते, कर्वेनगरला भाड्यानं राहत होते. आई साठी ओलांडलेली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. दाढेत लवंग धरून आणि मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून तिनं काही दिवस काढले. मग मीच हट्टानं तिला सोसायटीजवळच्या नव्या दवाखान्यात नेलं.

काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर टीव्ही. डॉक्टर माझ्याच वयाचा. त्यानं एक्स-रे काढला, स्क्रीनवर लावला आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मॅम, कीड डीप गेलीये, नसेच्या अगदी जवळ. रूट कॅनल करता येईल, पण या वयात कशाला? इतक्या सिटिंग्ज, वर कॅप. त्यापेक्षा काढून टाकू. आजच होईल."

आई दिव्याखाली आडवी होती. तिथूनच तिनं विचारलं, "काढल्यावर चावायचं कशानं?"

"दुसऱ्या बाजूनं चावायचं, आजी," तो हसत म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "मग, काढू ना मॅम?"

हीच दाढ माझी असती तर ती वाचवायला यानं जिवाचं रान केलं असतं. आईची म्हटल्यावर मात्र अडगळ! आणि परवानगी कुणाची, तर सोबत आलेल्या पोरीची! मी तोंड उघडणार तोच आई उठून बसली.

"काहून हो डॉक्टर, दाढ माही आहे ना? मी बहिरी नाही, अन् मेलेलीही नाही."

तो "सॉरी आजी" म्हणाला. तेही मोबाइलकडे बघत.

दाढ तशीच ठेवून आम्ही बाहेर पडलो. घरी पोचेपर्यंत मी तणतणत होते. ऑफिसातल्या मैत्रिणीनं नारायण पेठेतल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. बाईंनी विचारलं, "केव्हापासून दुखतंय?" मी सवयीनं सांगायला लागले.

"अहो, दाढ कुणाची? त्यांना बोलू द्या की!"

बाईंनी गार बोळा दाढेला लावून कळ किती टिकते ते आईला विचारलं. दाढेवर हलकेच ठोकून पाहिलं. आपोआप, काही न खातापिता दुखतं का? आई म्हणाली, नाही.

"नस जिवंत वाटतेय," बाई म्हणाल्या. "कीड साफ करून आत औषध घालू आणि दाढ भरू. टिकली तर उत्तम, नाही टिकली तर रूट कॅनल. काढताही येईल, पण मग तिथं फट राहील, शेजारच्या दातांवर बसवायच्या कृत्रिम दाताचा, ब्रिजचा विचार करावा लागेल. लवंगेनं कळ दबते, कीड जात नाही. आता आपण ठरवा."

"भरा," आई म्हणाली. "बिघडली तं पाहू."

दाढ भरली आणि हळूहळू कळ थांबली. माझा संताप मात्र वाढला. काचेच्या दवाखान्यात हा मार्ग कुणी उच्चारलासुद्धा नव्हता. एक गार बोळा लावायला असा किती वेळ लागतो? मी नुसती मान हलवली असती तर जिवंत दाढ त्याच दिवशी ट्रेमध्ये पडली असती आणि आम्ही वर त्याला थँक्यू म्हणून बाहेर आलो असतो.

ती दाढ बरीच वर्षं टिकली. पुढे नस खराब झालीच, तेव्हा आईनं यवतमाळलाच रूट कॅनल करून घेतलं. मला हे सगळं उरकल्यावर फोनवर कळलं.

"अगं, आधी सांगायचंस तरी!" मी चिडले.

"तुला काय विचारायचं त्यात?" ती म्हणाली आणि पापडांचं वाळवण आवरायचंय म्हणून तिनं फोन ठेवला.