सोल्डरिंग आयर्न आता समयांशेजारी

मंडळी, चवथीच्या मखरातली दिव्यांची माळ आज आमच्या आईने सोल्डर केली. धारगळात सगळ्यांना सांगून झालं, आता तुम्हाला सांगतेय.

सोल्डर म्हणजे धातूची तार वितळवून वायरी जोडायला शिकावं म्हणून मी पहिलं सोल्डरिंग आयर्न आणलं ते अगदी साधं. त्याचं टोक काळं पडलेलं पाहून आईने समयांबरोबर तेही आमसूल लावून काथ्याने खरखरून घासलं. टोकावरचा मुलामा गेला, सोल्डर चिकटेना.

"आई, ही समई न्हय गे."

"मगे कसां पुसतत तां दाखय माका."

मग तापमान कमी-जास्त करता येणारं आणि टोक बदलता येणारं आयर्न घेतलं. टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, बंद करण्याआधी ते काळं पडू नये म्हणून त्याला थोडं सोल्डर लावून ठेवायचं, हे तिला दाखवलं.

आज माळेची वायर तुटली. मी घाईत दिलेला जोड लगेच सुटला. आईने आधी वायर नीट तापवली, मग सोल्डर टेकवलं. माळ लागली.

आम्ही सगळे मखराकडे धावलो. आई जागची हलली नाही, टोकाला सोल्डर लावत बसली. "दिवे मागीर बघतंय. आधी ह्यां नीट ठेवतंय."

तुमच्या घरी नवं अवजार कोण सांभाळतं? आमचं आता समयांशेजारी असतं, आणि मला विचारून घ्यावं लागतं.