परब सरांचा हात

परब सर मारण्याआधी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवत. घड्याळ टेबलावर आलं की आमचा सातवीचा वर्ग जागच्या जागी थिजायचा. मग छडी, डस्टर, पट्टी, नाहीतर नुसता पंजा; जे हाताशी असेल ते. सर मालवणकडचे, सिल्वासाच्या मराठी शाळेत गणित शिकवायला आलेले. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि एरवी इतकं हळू बोलणारे की पहिल्या बाकावरच्यांनाही पुढे वाकावं लागे. "डोक्यात शिरत नसेल तर पाठीतून शिरवतो," एवढं मात्र ते मोठ्याने म्हणत. आणि शिरवत.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, धुळ्याकडून सिल्वासाजवळच्या नरोलीला आले होते. सुताच्या कारखान्यात पाळीने कामाला होते. भाड्याच्या एका खोलीत आम्ही पाच जणं. शाळेत माझं सगळं बरं चालायचं, गणित सोडून. अपूर्णांक दिसले की माझ्या हातांना घाम सुटायचा, आणि घाम सुटला की येत होतं तेही जायचं.

त्या दिवशी सरांनी मला फळ्याशी बोलावलं. दोन अपूर्णांकांची बेरीज होती. मी वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. माझी पाठ वर्गाकडे होती, त्यामुळे घड्याळ कधी सुटलं ते मला दिसलंच नाही. डाव्या कानावर पंजा बसला. मी फळ्याच्या कडेवर आपटले आणि खाली पडले. डोक्यात शिट्टी वाजू लागली ती थांबेचना. एका मैत्रिणीने मला उचललं तेव्हा तिच्या बाहीला रक्त लागलं. ते माझ्या कानातून येत होतं.

कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले. या कानाने पुन्हा नीट ऐकू येईल याची खात्री नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी संपताच कारखान्यातले चार जण घेऊन आबा शाळेत आले. मलाही सोबत आणलं होतं. व्हरांड्यात सर समोरून येत होते.

"हाऊच का?" आबांनी मला विचारलं. मी मान हलवली.

"मन्ही पोरले कसाले मारं रे?" असं ओरडून, उत्तराची वाटही न पाहता, आबांनी कमरेचा पट्टा त्यांच्या तोंडावर हाणला. बक्कल दातांवर बसलं. सर गुडघ्यांवर कोसळले तशा बाकीच्यांच्या लाथा सुरू झाल्या. एकाने सायकलची चेन आणली होती. वर्गावर्गांच्या खिडक्यांत मुलं चढली होती. कुणीतरी ओरडलं, "और मारो!" आणि टाळ्या सुरू झाल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? चेन पाठीवर पडायची तेव्हा मी मनातल्या मनात फटके मोजत होते.

मुख्याध्यापक पोलिसांना बोलवायला निघाले, तेव्हा खाली पडलेल्या सरांनी त्यांचा पाय धरला. "नको. मुलीचा बाप आहे तो."

मी शाळा सोडली. दोनेक वर्षांनी तुला कारखान्यात बॉबिनवर सूत भरायला लावतो, आबा म्हणाले. मी हो म्हटलं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, सर आमच्या दारात उभे राहिले. पुढचे दोन दात गेलेले, डावा हात गळ्यात बांधलेला. आबांनी कोपऱ्यातली सळई उचलली. सर मागे सरले नाहीत, उंबऱ्यावर बसले.

"मी शिकवायला आलोय," ते म्हणाले. "मारायचं असेल तर आधी मारून घ्या."

आबांचा हात वर गेलेला होता. तो आईने धरून खाली आणला. मग तिने लाटणं आणून माझ्या हातात दिलं आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाई हातमा धर. त्यानी हात उचला का हान."

असं माझं गणित पुन्हा सुरू झालं. मांडीवर लाटणं, पुढ्यात पाटी, दाराशी आबा. सर नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसायचे, चांगल्या कानाच्या. पहिले दोन रविवार मी तोंडच उघडलं नाही. तिसऱ्या रविवारी मी म्हणाले, "मला येत नाही."

"येत नाही असं नको म्हणूस. कुठपर्यंत येतं ते सांग."

"खालचे आकडे वेगळे आहेत, इथपर्यंत."

"अगो, मग निम्मं आलं की तुला!"

मला निम्मं येतं, हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग ते स्वतः गणितं सोडवून मला तपासायला लावू लागले. मुद्दाम चुकायचे. एका रविवारी मला चूक सापडली. "सर, चुकलं." त्यांनी उजवा हात पुढे केला. "मग मार." मी मारलं. सगळा जीव एकवटून मारलं. लाटणं बोटांवर बसलं, आवाज आबांनीही ऐकला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात मागे गेला नाही.

"आता सांग, या फटक्याने मला हे गणित आलं का?"

"नाही."

"मी इतकी वर्षं समजत होतो, येतं." सुजत चाललेल्या बोटांकडे ते पाहत राहिले. "पाढे चुकले म्हणून वडिलांनी मला गोठ्यात बांधून मारलं होतं. पुढे पाढे आले. मला वाटलं, त्यानेच आले."

मी उठून लाटणं आईला परत दिलं.

जूनमध्ये मी पुन्हा शाळेत गेले. सर एकदम शांत झाले होते असं नाही. राग अंगात होताच. खानवेलहून येणाऱ्या एका मुलावर एकदा त्यांचा हात उगारला गेला. पोरगं बाकाखाली घुसलं. सरांनी तोच हात खिडकीच्या काचेवर हाणला. काच फुटून मनगट चिरलं. रुमाल गुंडाळून त्यांनी उरलेलं गणित डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत पुरं केलं. पण वर्गातल्या कुणाला मात्र त्यांनी त्यानंतर मारलं नाही.

वर्गाची रीत बदलली. "ज्याचं चुकलंय त्याने आधी यायचं. बरोबरवाल्यांचं मला ठाऊकच आहे." चुकलेलं गणित आम्ही फळ्यावर लिहायचो, आणि जिथपर्यंत बरोबर असेल तिथे सर खडूने आडवी रेघ मारायचे. "रेघेच्या वरचं सगळं तुझं. ते तुझ्याकडून कुणी काढून घेत नाही." बाकाखाली घुसलेला तो मुलगा वर्ष संपेपर्यंत फळ्याकडे धावत जाऊ लागला. खडूसाठी आमच्यात ढकलाढकली व्हायची.

दहावीला गणितात मला बहात्तर मिळाले. आबा पेढे घेऊन सरांकडे गेले. मी सोबत होते. दोघं समोरासमोर बसले, एकेक पेढा खाल्ला आणि उठले. पुढे मी शिकले, औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागले. सरांनी कधी माझी माफी मागितली नाही. मीही कधी दिली नाही. भेटले की मात्र ते सवयीने वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला यायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका दुपारी, शिकवत असतानाच, सर हृदयविकाराने गेले. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. नवे मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "परब सरांनी आयुष्यात एकाही विद्यार्थ्यावर हात उगारला नाही."

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही.

"उगारला," मी म्हणाले. "माझा हा कान त्यांनीच फोडला."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बसा खाली. ही वेळ आहे का?" पहिल्या रांगेतून सरांच्या बायकोने मागे वळून पाहिलं. त्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते. आता या मला हाकलणार, असं वाटलं. त्यांनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला.

"सांग गो चेडवा," लेकीला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या. "सगळा सांग."

मग मी पहिल्या फटक्यापासून सुरुवात केली.