ढावलोसाठी दिग्रस ते उमरखेड : एका कोलंबियन अल्बमचं शेवटचं गाणं

मारिसोलला सगळ्यांनी सांगितलं होतं, जाऊ नकोस.

ती कोलंबियात पॉप गाणी गाते. नव्या अल्बमची दहा गाणी तयार होती. अकराव्यात एका बाईचा आवाज होता, इंटरनेटवरच्या एका लग्नाच्या व्हिडिओतून उचललेला. व्हिडिओखाली फक्त 'यवतमाळ, लोकगीत' एवढंच लिहिलेलं. तिची कंपनी म्हणत होती, असले आवाज सगळेच वापरतात, एवढ्यासाठी अर्धं जग ओलांडायचं कारण नाही. मारिसोलचं एकच म्हणणं : त्या बाईला विचारल्याशिवाय मी गाणं बाहेर काढणार नाही.

मी नागपुरात स्पॅनिश शिकवते, दुभाषाचं कामही करते. तिची मेल आली आणि मी व्हिडिओच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या फोटोग्राफरचा शोध सुरू केला. तो दिग्रसचा निघाला. त्याने नाव सांगितलं : कमलाबाई. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर राहतात. डिसेंबरात मारिसोल नागपूरला उतरली, हातात एक बॅग, गळ्यात हेडफोन. कंपनीने तिला आठवड्याची मुदत दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या जुन्या गाडीने निघालो. वर्ध्यावरून यवतमाळपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, तीन तास पुरतात. यवतमाळात बसस्थानकाजवळ आलूबोंडा आणि वर तिखटजाळ रस्सा घेतला. मारिसोलच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने दुसरी प्लेट मागितली. पुढे दारव्हा, मग दिग्रस. या दिवसांत जात असाल तर दारव्ह्यानंतर घाई करू नका. कापसाच्या गाड्या रस्त्याच्या दुप्पट रुंद वाटतात, त्यांना ओलांडून जाण्यात शहाणपण नाही. दिग्रस जवळ आलं की ओळखू येतं : जिनिंगमधला कापूस उडून कुंपणाच्या तारांवर, बाभळींवर अडकलेला असतो. लॉज साधा आहे, पण चादरी स्वच्छ आणि गरम पाणी बादलीने मिळतं. परदेशी पाहुण्यांचा फॉर्म भरायचा असतो, पासपोर्टची झेरॉक्स नागपूरहूनच न्या.

दुपारी तांड्यावर पोचलो. कमलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठीच्या, ताठ, नाकात मोठी फुली. मारिसोलकडे त्यांनी नखशिखान्त पाहिलं.

"इतक्या दुरून कायले आली ही?"

मी सांगितलं. त्यांना तो व्हिडिओ माहीत होता. सुनेने मोबाइलवर दाखवला होता.

"पुतनीच्या लग्नातलं हाये ते. त्या फोटोवाल्यानं मले इचारलं नाई, अन् नावबी नाई टाकलं." मग सुपातल्या शेंगा बाजूला ठेवून म्हणाल्या, "काय केलं हिनं त्याचं? ऐकव."

मारिसोलने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. मला गाणं पाठ होतं. आधी ढोल, मग झांजा, मग नाचायला लावणारा ठेका आणि त्याच्यावर कमलाबाईंचा लांबवलेला आवाज, पुन्हा पुन्हा. खरं सांगते, मी गाडीत त्याच्यावर बोटं वाजवत आले होते.

कमलाबाईंनी अर्ध्यातच हेडफोन काढला.

"हे ढावलो हाये," त्या म्हणाल्या. "पोरगी सासरी निघते तवा मायच्या, बहिनीच्या गळ्यात पडून म्हनते. रडत रडत. हे बाई आमच्या रडन्यावर नाचून राह्यली. सांग तिले."

मारिसोल माझ्याकडे बघत होती. या कामात एक मोह नेहमी असतो : टोक जरा घासून सांगायचं. 'त्यांना ठेका तितकासा रुचला नाही' असं वाक्य माझ्या जिभेवर तयारही झालं होतं. मारिसोल खूप लांबून आली होती, आणि हे काम फिसकटलं तर दोष माझ्यावरही आला असता. पण कमलाबाईंनी 'सांग तिले' म्हटलं होतं. मी शब्दाला शब्द सांगितलं.

ती लाल झाली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, हा आनंदाचा आवाज आहे."

"इतकं बी ऐकू नाई आलं हिले?" कमलाबाईंनी विचारलं. मी तेही सांगितलं.

मारिसोलने फोन काढला आणि आमच्यासमोर निर्मात्याला मेसेज लिहिला : अकरावं गाणं रद्द. मग कमलाबाईंना विचारलं, "मला खरं कसं म्हणतात ते शिकवाल? नाही म्हणालात तर मी उद्या परत जाईन, आणि तुमचा आवाज कुठेही वापरला जाणार नाही."

कमलाबाई उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. त्या बाहेर आल्या त्या ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा घेऊन. जेवण होईपर्यंत विषय नाही. हात धुतल्यावर म्हणाल्या, "घरात बिनकारनाचं रडनं मले आवडत नाई. बाहेर कुठं म्हनू. अन् गानं माह्यं नाई, माह्या मायच्या तोंडचं हाये. नाव दोघींचं टाकाचं, माह्यं अन् तिचं. मायचं नाव सोनाबाई. नीट लिही."

मी नीट लिहिलं.

बाहेर म्हणजे उमरखेड. तांड्यातल्या भजनी मंडळाने तिथल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. दिग्रसहून पुसद तासाभरात येतं. पुसदच्या पुढे रस्ता डोंगरांतून वळणं घेत जातो. सागाची पानं गळायला लागली होती, मारिसोल खिडकीतून मान बाहेर काढून बघत होती. मागच्या सीटवरून कमलाबाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "मान आत घे. मुंडकं उडून जाईन." याचं भाषांतर करावं लागलं नाही.

स्टुडिओ प्रशांतदादांचा. एका दुकानामागची खोली, मध्ये काच लावून दोन भाग केलेले, भिंतींना आतून कापसाच्या गाद्या ठोकलेल्या. "एप्रिलात भीमगीतं, मंग लग्नाची गानी, पोळ्याले बैलांपुढं म्हनाच्या झडत्या," ते म्हणाले. "ढावलो कोनीच रेकॉर्ड केला नाई माह्याकडं. काहून करतीन? रडनं इकत घेते का कोनी?" मारिसोलने त्यांचा माइक पाहिला, गाद्यांवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "आमच्याकडे याच कामासाठी खूप महागडा फोम लावतात. हे जास्त चांगलं आहे."

सकाळी लाइट गेली. इन्व्हर्टरवर सुरुवात केली तर त्याची घरघर आवाजात येत होती. थांबलो. लाइट आली तर बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा हॉर्न अडकला. प्रशांतदादा स्वतः जाऊन त्याची वायर काढून आले. दुपारी तीनच्या सुमाराला सगळं शांत झालं.

कमलाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि गाईनात. "गळ्यात पडाले कोनी पाहिजे," त्या म्हणाल्या. "हवेच्या गळ्यात पडू का?"

मारिसोल काचेपलीकडे आत गेली. तिला काही सांगितलं नव्हतं. ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कमलाबाईंनी तिला मिठीत घेतलं, डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं आणि सुरू केलं. काचेच्या अलीकडे प्रशांतदादांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. दुसऱ्या कडव्यानंतर मारिसोल हलकेच त्यांच्या सुराखाली शिरली, स्पॅनिशमध्ये. तिची आई कामासाठी दुसऱ्या देशात निघून गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, विमानतळावर तिला कुणी रडू दिलं नव्हतं, असं काहीसं ती गात होती. लिहून आणलेलं नव्हतं. गाणं संपल्यावरही दोघी तशाच उभ्या होत्या.

"दुसरा टेक?" प्रशांतदादांनी विचारलं.

"नाई," कमलाबाई म्हणाल्या. "पोरगी एकदाच जाते."

परतीच्या प्रवासात मारिसोलचं आणि कंपनीचं फोनवर जोरात वाजलं. चार मिनिटं, ठेका नाही, कुणाला न कळणाऱ्या दोन भाषा, हे कोण ऐकणार? ती दर वेळी तेच सांगत राहिली : हे गाणं असेल तर अल्बम, नाहीतर अल्बम नाही. नागपूर येईपर्यंत तिचा आवाज बसला, पण ती हटली नाही.

अल्बम उन्हाळ्यात एका शुक्रवारी आला. मी घरी, सकाळी चहा ठेवून फोन उघडला. शेवटचं गाणं : 'ढावलो'. खाली मारिसोलचं नाव, कमलाबाईंचं नाव आणि 'पारंपरिक, सोनाबाईंकडून'. तिकडे कोलंबियात सगळेजण अल्बममधल्या दुसऱ्याच एका गाण्यावर नाचत आहेत, ते पहिल्या क्रमांकावर आहे. आमचं बरंच खाली आहे. मी कमलाबाईंना फोन लावला. सुनेने स्पीकरवर गाणं लावलं, मागून तांड्यातल्या बायकांचे आवाज येत होते.

"चांगलं म्हनते पोरगी," कमलाबाई म्हणाल्या. "पन ओळीच्या मधातच दम तोडते. तिले म्हन, पुढच्या टायमाले आठ दिवस राहाले ये."

मारिसोल येईल. ऊन उतरल्यावर, असं मी तिला कळवलं आहे. पण या प्रवासाने मला वेगळंच काही चिकटवून दिलं. वीस वर्षं मी वर्गात स्पॅनिशमधली विरहाची गाणी शिकवली. घरापासून काही तासांवर बंजारा बोली आहे, जिच्यात मुली गाऊन रडतात, हे मला कोलंबियातून आलेल्या बाईने दाखवलं. त्याची लाज वाटली, आणि नुसती लाज वाटून घेण्यात अर्थ नव्हता. आता संध्याकाळी कमलाबाई फोनवर मला ओळी सांगतात. मी लिहून घेते, अर्थ विचारते, म्हणून दाखवते. चुकलं की त्या ओरडतात.

काल नववी ओळ बरोबर आली.