ओंडक्यांच्या घरातली बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माझं मलाच नीट कळत नाही.

जळकोटजवळच्या एका खेड्यात मी शाळेत शिकवायची. एकदा चौथीच्या पोरांना कॅनडाच्या उत्तरेला बाहेरून येऊन पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या माणसांबद्दल सांगत होते. झाडांचे अख्खे ओंडके रचून केलेली घरं, फटींत कोंबलेलं शेवाळ, महिनोन्‌महिने बर्फ, एका चुलीभोवती सगळं कुटुंब. पोरं ऐकेनात. मग मीच म्हणाले, "मी राहिलेय तशा घरात. लग्नाआधी, मावशीकडं."

वर्ग चिडीचूप.

मी कुठं गेले होते हो? उदगीरच्या पलीकडं तरी? मला तर मावशीच नाही. घर, बर्फ, पोरांना सांगितलेलं त्या गावाचं नाव — सगळं एका मासिकातलं. पण ती शांतता इतकी गोड लागली, की पुढं दरवर्षी नव्या वर्गासमोर मी त्या घरात राहत गेले.

त्या पहिल्या वर्गात सुरेखा होती. ती नर्स झाली आणि थेट कॅनडात गेली. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. ते गाव तिनं शोधून काढलं होतं. आता तिथं कुणी राहत नाही, घरं मात्र जपून ठेवलीत.

"बाई, बघा! तुमी सांगितल्यावानीच हाय सगळं! कोन्त्या घरात राहिल्या व्हत्या तुमी?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं, नाही का? मी म्हणाले, "ते टोकाचं."

ती धावतच आत शिरली. आणि मी पहिल्यांदा ते पाहिलं. कवेत न मावणारे ओंडके, कोपऱ्यांत एकमेकांत बोटांसारखे गुंफलेले. खिळा म्हणून नाही. कुऱ्हाडीचे घाव अजून लाकडावर. चुलीशेजारी लाकडी पाळणा — बाहेर सगळं गोठलेलं असताना एवढ्याशा खोलीत कुणीतरी बाळ वाढवलं होतं! "अगं बाई!" ओठांवर आलं — पण म्हणणार कशी? मी तर तिथं राहिले होते ना?

"हो," मी कोरडेपणानं म्हणाले. "असंच होतं."

"तुमच्यामुळं आले बाई मी हितवर."

तिनं दाराशी येऊन मोबाईल भिंतीला टेकवला आणि खाली वाकून त्या उंबऱ्यावर डोकं ठेवलं. आपल्या बाईंचं घर म्हणून.

कुणा परक्यांचा उंबरा तो. मी बघत राहिले. तिला "ऊठ" म्हणाले नाही.