कागद झाला त्या दिवशी

हंबीरराव रहिमतपूरचा. पलटणीत खेचरं सांभाळली आणि पेन्शनीत निघाल्यावर मिरजेजवळ लशीच्या कारखान्यात घोड्यांकडं लागला. तिथं घोड्याच्या रक्तातून साप चावल्यावरचं औषध काढत. आधी घोड्याचा कान खाजवल्याशिवाय हा गडी कुणाला सुई टोचू देत नसे.

चौऱ्याहत्तर साली धाकट्या भावाच्या, आकारामच्या, दोन्ही किडन्या गेल्या. हंबीररावानं आपली एक काढून दिली. पण शरीर परक्याचं मांस ठेवून घेत नाही, म्हणून आकारामला रोज गोळ्या. त्या गोळ्यांनी अंगातली सगळीच राखण झोपायची. फोड यायचे, साधं पडसं महिना महिना हटायचं नाही.

"दादा, तुझी किडनी तुझ्यावानीच हाय," आकाराम म्हणायचा. "रोज मनधरणी केल्याबिगर नांदत न्हाई."

सत्याहत्तरच्या वैशाखात कारखान्याच्या साहेबांनी पेढे वाटले. एका विद्यापीठानं नवी रीत शोधली होती. रक्तातल्या ज्या पेशी परक्या मांसावर धावून जातात, तेवढ्याच शांत करायच्या, बाकीच्यांना धक्का नाही. ते औषधही घोड्याच्या रक्तातूनच निघणार होतं. ती रीत वापरायचा परवाना कारखान्याला मिळाला, करारावर सह्या झाल्या.

आमच्याकडं जमिनीचा कागद झाला, की त्याच दिवशी रानात नांगर घालतात. कागद म्हणजे ताबा. हंबीररावानं तेच धरलं. मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं आणि भाऊ मळ्यात एकटाच होता तिथं गेला.

"आक्या, सुटलास गड्या. नवं औषध झालं. सह्या हून पेढं वाटलं आज."

"मग ह्या गोळ्या?"

"सोड पाटात. पंधरा दिसांत बाटली घिऊनच येतो."

आकारामनं पुडी पाटात सोडली.

पंधरा दिवस वाट बघून हंबीररावानं बाटली मागितली. साहेब म्हणाले, "अहो, आत्ता नुसता बनवायचा हक्क मिळालाय. औषध हाती यायला पाच-सहा वर्षं तरी."

तो पळत गावी आला. आकारामचं तोंड सुजलं होतं, अंगात ताप होता. गोळ्या पुन्हा दिल्या, दवाखाना केला. उपयोग झाला नाही. ज्येष्ठात तो गेला. हंबीररावाची किडनीही त्याच्याबरोबर जळली.

तेराव्याला आकारामची बायको बनाबाई पाया पडली. "भावजी, तुमी सोताचं मांस दिलंसा. आमचंच नशीब आखूड."

गोळ्या पाटात सोडायला आपणच लावल्याचं त्यानं मला ती वारल्यावर सांगितलं.

"मग तिला काय म्हणालास?"

"उठ म्हणालो," हंबीरराव म्हणाला.