मावशींचा माळा

अख्ख्या बारामतीत मावशींसमोर रुबाब दाखवू शकेल असा माणूस निदान माझ्या पिढीत तरी झालेला नाही, कारण रुबाब म्हणजे काय हे कळायच्या आधीच आम्ही सगळे त्यांच्या पायांवर उघडेबंब पालथे पडलेलो होतो. मावशी बाळांना आणि बाळंतिणींना न्हाऊ घालायच्या. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब करायचे, पोर पायांवर घ्यायचं, तेल लावून कणकेच्या गोळ्यासारखं मळायचं आणि मग कढत पाण्याचे तांबे असे ओतायचे की पोराचा सूर चार घरं ओलांडून जावा. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब आणि एमआयडीसीत मोटारसायकलवरून ड्युटीला जाणारे माझ्यासारखे, सगळे त्या पायांवरून गेलेले. त्यामुळे मावशींच्या लेखी माणसाची किंमत तो पुढं कोण झाला यावर नसून आंघोळीच्या वेळी कसा वागला यावर असायची. बँकेचे मॅनेजर म्हणजे ‘लई रडकं, पन केसाला दाट’. एका नावाजलेल्या वकिलांना त्यांनी भर ऑफिसात अशिलांसमोर विचारलं होतं, “काय रं, पायावर घेतलं की मुतायची सवय ग्येली न्हवं?” माझं प्रकरण त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीत काढलं. “जल्मला तवा नाक म्हंजी निस्ता बटाटा हुता. म्या रोज चिमटीत धरून वडलं, म्हनून आज पोरगी मिळाली,” असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना सांगितलं. सासरे इंदापूरचे, डाळिंबाच्या बागेचे मालक. त्यांनी माझ्या नाकाकडे व्यापाऱ्याच्या नजरेनं पाहिलं आणि माल बरा आहे अशी मान हलवली.

दुसऱ्यांच्या पोरांवर जन्मभर पाणी ओतणाऱ्या या बाईचं घर मात्र पाण्याच्याच तोंडाशी होतं. आमची कऱ्हा वर्षातले बरेच महिने आपण नदी आहोत हे कुणाला कळू देत नाही. वेडी बाभूळ, डुकरं आणि गावातलं सांडपाणी एवढाच तिचा संसार. पण तिला मिळणाऱ्या ओढ्याच्या कडेला, सखल जागेत जी खालची आळी आहे, तिला नदी बरोबर ओळखते. पूर्वी पाणी आलं तरी उंबऱ्याशी घुटमळायचं. मग वरच्या अंगाला प्लॉट पडले, बंगले उठले, ओढ्याला दोन पाइपांएवढी वाट राहिली आणि बंगल्यांच्या बागांतलं पाणीसुद्धा आळीत उतरायला लागलं. मावशींनी यावर एकच उपाय काढला होता, तो म्हणजे घरातलं सगळं टांगणं. पातेली टांगलेली, कपबशा टांगलेल्या, पिठाचा डबा टांगलेला, केरसुणी आणि चपलासुद्धा खुंटीवर. खाट विटांवर इतकी उंच केलेली की बसायला आधी पिंपावर चढावं लागे. माझी बायको पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली, ती कपाळावर टेंगूळ घेऊन परतली. कढईनं स्वागत केलं होतं. “नव्या मानसाला लागतीच ती,” मावशी म्हणाल्या, “दुसऱ्यांदा आलीस की आपसूक वाकशील.” एका वर्षी मात्र नदी आलीच नाही, वाऱ्यानं पत्रा उचकटला आणि पाणी वरून आलं. टांगलेलं सगळं चिंब आणि जमीन खडखडीत कोरडी. मावशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आता ह्याच्याम्होरं काय खाली टांगायचं व्हय?”

या घराचं वैभव म्हणजे माळा. मावशींचे यजमान सेंट्रिंगच्या कामावर होते. जन्मभर लोकांच्या स्लॅबखाली फळ्या ठोकल्या आणि जायच्या आधी स्वतःच्या घरात एक भक्कम माळा घालून गेले. आयुष्यात तेवढीच त्यांनी चैन केली. भिंती कच्च्या विटांच्या आणि मातीच्या, पण माळ्याच्या फळ्या अशा की वर बैलजोडी उभी करावी. त्यामुळे आळीत एक रीतच पडून गेली. आमच्या भागात जून-जुलैचं आभाळ नुसतं येऊन बघून जातं, खरा पाऊस परतीचा. म्हणून गणपती पाण्यात गेले की आळीतल्या बायका आपापली जिवाभावाची वस्तू घेऊन मावशींच्या दारात यायच्या. लग्नाचा शालू, मिक्सर, तबला-डग्गा, सासऱ्यांचा फोटो, कुणाची पितळी समई. मावशी वस्तू हातात घ्यायच्या, देणाऱ्याच्या डोळ्यांत बघायच्या आणि दर वेळी तेच विचारायच्या, “परत कवा नेनार?” यावर “पानी उतरल्यावर” एवढंच म्हणायचं असे. हे शब्द बोलल्याशिवाय त्या वस्तू वर चढवत नसत. आणि ज्यानं ठेवली त्यानंच मागायची. सुनेला पाठवलं, भावाला पाठवलं, काही उपयोग नाही. आळीतल्या एकानं टीव्ही माळ्यावर ठेवला आणि तो इंदापूरकडे पेरूच्या बागेत कामाला गेला तो महिनाभर आलाच नाही. पाऊस संपला, ऊन पडलं, त्याच्या बायकोची मालिका ऐन रंगात आलेली. ती रडली, भांडली, नवऱ्याशी फोनवर बोलणं करून देते म्हणाली. मावशी ढिम्म. “तुजा नवरा हितं हुबा ऱ्हाऊन मागंल तवा दीन,” म्हणाल्या. शेवटी तोड निघाली ती अशी की टीव्ही माळ्यावरच चालू करायचा. महिनाभर रोज संध्याकाळी आळीतल्या समस्त बायका मावशींच्या खोलीत माना वर करून मालिका बघत होत्या, आणि मग आळीभर माना धरल्या तेव्हा तेल चोळून द्यायलाही मावशीच.

माळ्यावर सगळ्यात आधी वस्तू आणणारे आणि सगळ्यात शेवटी नेणारे म्हणजे शेजारचे आबा. मूळचे कोऱ्हाळ्याचे, तिथला ऊस भावांकडे राहिला आणि आबा बायकोला घेऊन इथं आले होते. बायको गेली. तिचा एकच फोटो, जत्रेतल्या स्टुडिओत पडद्यावरच्या ताजमहालापुढे काढलेला, लाकडी चौकटीत. तो आबा दर वर्षी फडक्यात गुंडाळून आणायचे. दिवाळी झाली तरी न्यायचं नाव नाही. मावशी ओरडायच्या, “आवं आबा, पानी कवाच उतरलं, न्या की तुमची बायकू!” आबा म्हणायचे, “असू दे गं. हितं खाली माझ्यासंगं ऱ्हाऊन लई भिजली ती. वर बरी हाय.” यावर मावशी फोटोवरची धूळ पदरानं पुसायच्या.

नदीशीही त्यांचं वागणं आल्यागेल्या पाहुणीसारखं. गावातल्या बायका पूर आला की घाटावर जाऊन ओटी भरतात. मावशी जात नसत. पाणी उंबऱ्याशी आलं की तिथंच हळदीकुंकू टाकायच्या, खण-नारळ सोडायच्या आणि दटावायच्या, “भरली न्हवं वटी? आता भाईरनंच जायाचं. घरात लेकराबाळांच्या वस्तू हायत्या.” बरीच वर्षं नदीनं हे ऐकलं.

त्या साली ऐकलं नाही. दोन दिवस वरच्या बाजूला धो धो कोसळत होतं. सकाळी ओढा फुगला आणि घरातली चूल विझायच्या आत पाणी आळीत घुसलं. बायका पोरं कडेवर घेऊन वरच्या शाळेत धावल्या. मावशींच्या माळ्यावर आपलं सगळं सुखरूप आहे या भरवशावर कुणी मागं वळून पाहिलं नाही. मी ड्युटीवरून येताना तिथं पोचलो, तेव्हा वरच्या रस्त्यावर गर्दी होती, खाली आळीत छातीभर गढूळ पाणी, आणि मावशींच्या घराच्या उंच झरोक्यात त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं. त्या माळ्यावर बसल्या होत्या. अग्निशामक दलाची माणसं दोर घेऊन आली होती. पालिकेचे एक तरुण साहेब कर्णा तोंडाशी धरून ओरडले, “मावशी, ताबडतोब बाहेर या!” झरोक्यातून उत्तर आलं, “तू गप! पाच म्हयनं मान धरली न्हवतीस, म्या बळ आनलं तुज्या मानंत. ती मलाच ताठ करून दावतूस व्हय?” गर्दी हसली. साहेबांनी कर्णा खाली घेतला. पण ते हसले नाहीत, मलाही हसू आलं नाही, कारण आम्हाला दोघांनाही भिंत दिसत होती. खालच्या विटा विरघळायला लागल्या होत्या. पाण्यावर लाल मातीची रेघ निघाली होती.

मी दोर धरून झरोक्याच्या जवळ गेलो आणि घसा फुटेपर्यंत विनवलं. “मावशी, भिंत चाललीय. या ना. वस्तूंचं काय घेऊन बसलात? कुणाला नकोयत त्या.” त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. “तू ठिवलंयस काय हितं?” मी म्हणालो, “नाही.” “मग तू कोन सांगनार? ज्यांनी ठिवलंय त्यांनी सांगू दे.”

मला त्या बाईचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं सुचेना. मग मी सुचलं ते केलं. धावत शाळेत गेलो आणि बायकांना सांगितलं, मावशी तुमच्या वस्तूंपायी बुडतायत, या आणि सोडवा त्यांना. त्या तशाच ओल्या लुगड्यांनी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पहिली पुढं झाली. पोरीच्या लग्नासाठी शालू राखून ठेवलेली ती बाई. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, “मावशे, माजा शालू सोडला!” आणि मटकन खाली बसली. मग दुसरी म्हणाली, “मिक्सर सोडला!” समई सुटली, सासऱ्यांचा फोटो सुटला. भजनी मंडळाचा तबलजी म्हणाला, “तबला सोडला!” आणि मग हुंदका गिळून, “डग्गा बी!” टीव्हीवाला या खेपेला बायकोला घेऊन हजर होता, दोघांनी एका सुरात टीव्ही सोडला. असं लग्नातल्या आहेरासारखं एकेक नाव पुकारलं जात होतं, फक्त उलट्या दिशेनं. झरोक्यातलं डोकं प्रत्येक नावाला हलायचं. सगळं सुटलं. आणि मावशी तरी जागच्या हलेनात. मला वाटलं, आता माळ्यावर राखण्यासारखं काही उरलं नाही, तशी बाहेर येण्यासारखंही त्यांना काही उरलं नसावं.

आबा तेवढे बोलले नव्हते. सगळे त्यांच्याकडे वळले. “आबा, सोडा की! म्हना लवकर!” आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. “न्हाई,” ते म्हणाले, “म्या न्हाई सोडत.” लोक चवताळले. कुणी तरी त्यांच्या अंगावरच धावून गेलं. आबांनी त्याला काठीनं बाजूला केलं आणि पाण्याच्या कडेशी जाऊन त्या म्हाताऱ्या गळ्यात होता नव्हता तेवढा आवाज काढला. “मावशे! म्या ठिवली, म्या मागतूय! माजी बायकू मला आत्ता पायजेल! पानी उतरायची वाट बगनार न्हाई म्या! घिऊन ये तिला!”

झरोक्यातलं डोकं दिसेनासं झालं. थोड्या वेळानं मावशी दाराच्या चौकटीत दिसल्या. फडक्यात गुंडाळलेली चौकट त्यांनी तान्ह्या पोरासारखी उराशी, पाण्याच्या वर धरली होती. साहेबांनी कर्णा टाकला आणि स्वतःच दोराला धरून पाण्यात उतरले. मावशींनी त्यांच्या गळ्यात एक हात टाकला, दुसऱ्या हातातली चौकट मात्र सोडली नाही. वर आल्यावर त्यांनी आबांच्या पुढ्यात ती धरली आणि म्हणाल्या, “बगा, भिजली न्हाई.” आबांनी ती घेतली आणि लहान मुलासारखे रडले. आम्ही सगळेच रडलो. दुपारी ती भिंत बसली, आणि माळा सगळ्या शालूंसकट चिखलात गेला.

आता मावशींना सरकारी योजनेत एमआयडीसीच्या बाजूला घर मिळालंय, तिसऱ्या मजल्यावर. आळीतल्या काहींना मिळालं, काही माहेरी-सासरी पांगले, आणि बरेचजण त्याच सखल जागेत पत्रे ठोकून पुन्हा राहायला लागले, कारण कामं तिथंच आहेत. पणदऱ्याला दिलेली लेक मावशींना आपल्याकडे चल म्हणते, पण त्या जात नाहीत. यंदा गणपती गेल्यावर मी त्यांना भेटायला गेलो आणि दारातच कपाळावर कढई आपटली. तिसऱ्या मजल्यावरही सगळं टांगलेलंच होतं. ओट्यावरचा सिमेंटचा माळा मात्र झाडूनपुसून, ताडपत्री अंथरून रिकामा ठेवला होता. रिकामा म्हणजे, कोपऱ्यात एक लाकडी चौकट होती. आबा जिना चढून, धापा टाकत, सगळ्यात आधी येऊन गेले होते. त्यांच्यामागून कुणी आलं नव्हतं. “लांब पडतंय लोकास्नी,” मावशी म्हणाल्या आणि उगाच ताडपत्रीचं टोक नीट केलं.

मी पिशवीतून आमच्या न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ काढलं. मला आणि माझ्या दोन्ही पोरांना त्यातल्याच पाण्यानं त्यांनी न्हाऊ घातलं होतं. मावशींनी ते ओळखलं. काठावरून बोट फिरवलं. “तुज्या घरात कुठं पानी येतंय? तुमी तर टेकावर.”

“काय नेम सांगावा,” मी म्हणालो.

त्यांनी घंगाळ हातात घेतलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, “परत कवा नेनार?”

“पाणी उतरल्यावर.”

खिडकीखाली कोरडा रस्ता होता, त्यावर धूळ उडत होती. मावशी तिकडे बघत राहिल्या. मग पिंपावर चढून त्यांनी घंगाळ आबांच्या बायकोच्या फोटोशेजारी ठेवलं आणि खाली उतरून माझं नाक चिमटीत धरलं.

“मधनंमधनं बगाया येत जा मातर,” त्या म्हणाल्या. “ठिवल्याली वस्तू बगाया यावं लागतंय मानसानं.”